बाळाला उन्हाचे मलम : कोणते, केव्हा, किती?

लालबागच्या एका चाळीतली ही गोष्ट. वैशाखाचे दिवस होते. गावाहून आजी आल्या होत्या. घरात साडेतीन महिन्यांचा नातू आणि अडीच वर्षांची नात होती. रविवारी दुपारी जेवून सगळ्यांनी गिरगावच्या चौपाटीवर जायचे, असा बेत ठरला होता.

सूनबाई आधीच पिशवी भरून ठेवत होती. दुपटे ठेवले, टोपडे ठेवले, पाण्याची बाटली काढली. शेवटी तिने एक ट्यूब पिशवीत टाकली. आजींनी विचारले, “हे काय गं?”

“उन्हाचं मलम आहे, आई. सनस्क्रीन म्हणतात. अंगाला चोळलं की ऊन बाधत नाही.”

“अगं, आम्ही पाच पोरं वाढवली. बांधावर झोळी बांधायची, पोराला त्यात निजवायचं नि लावणीला उतरायचं. कुठलं मलम लावलं होतं आम्ही?”

तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. त्यांच्या हातात एक पांढरी डबी होती. त्या म्हणाल्या, “ते राहू दे. हे लावा. ऊनही लागणार नाही नि पोरगं गोरंही होईल.”

माणसे तीन आणि मतेही तीन. खरे कोणाचे? बाळाला त्याच आठवड्यात लस टोचायची होती. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना विचारायचे ठरले. आजी मुद्दाम बरोबर गेल्या. जाताना त्यांनी ट्यूब आणि डबी दोन्ही पदराखाली घेतल्या. तेथे जे बोलणे झाले ते लहान मूल असलेल्या प्रत्येक घराच्या उपयोगाचे आहे. म्हणून ते येथे सांगत आहोत.

उन्हात काय असते?

ऊन म्हणजे उजेड आणि उष्णता, एवढेच आपल्याला ठाऊक असते. उजेड डोळ्यांना दिसतो. उष्णता अंगाला जाणवते. पण उन्हात आणखी एक गोष्ट असते. ती दिसत नाही आणि जाणवतही नाही. ते आहेत अतिनील किरण.

इंद्रधनुष्य आठवा. त्याच्या एका कडेला तांबडा रंग असतो, दुसऱ्या कडेला जांभळा. जांभळ्या रंगाच्याही पलीकडे काही किरण असतात. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. १८०१ साली रिटर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ते शोधून काढले.

हे किरण दोन तऱ्हेने आपल्यापर्यंत पोचतात. एका जातीचे किरण कातडीचा वरचा थर भाजतात. कातडी लाल होते, झोंबते, पुढे तिची सालपटे निघतात. दुसऱ्या जातीचे किरण कातडीत खोल शिरतात. ते लगेच दुखवत नाहीत, पण वर्षानुवर्षे कातडी खराब करतात. खिडकीच्या काचेतूनही ते आत येतात.

आता एक चमत्कारिक गोष्ट ऐका. हे किरण उष्णतेबरोबर कमीजास्त होतातच असे नाही. आभाळ भरून आले, वारा सुटला, अंगाला गार वाटले, तरी पातळ ढगांतून ते खाली येतात. भाद्रपदात लालबागच्या राजाच्या दर्शनाला लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात. कडेवर मुले असतात. आभाळ मळभट असते. म्हणून कोणी काळजी करत नाही आणि संध्याकाळी पोराचे गाल लाल झालेले दिसतात.

समुद्राकाठी तर किरण दोन बाजूंनी येतात. काही वरून येतात, काही खालून परततात. कोरडी वाळू शंभरातले सुमारे १५ किरण परत वर फेकते. लाटांचा पांढरा फेस सुमारे २५ फेकतो. म्हणून चौपाटीवर नुसत्या छत्रीखाली बसले तरी थोडे किरण अंगावर येतातच.

ऊन कडक आहे हे कसे ओळखावे?

यासाठी घड्याळ नको आणि यंत्रही नको. आपली सावली पुरेशी आहे.

उन्हात उभे राहा. सावली तुमच्यापेक्षा लांब असेल, तर किरण मंद आहेत. सावली तुमच्यापेक्षा आखूड असेल, तर किरण कडक आहेत. बाळाला आडोशाला न्या.

मुंबईत वर्षातून दोनदा, १५ मेच्या सुमारास आणि २८ जुलैच्या सुमारास, भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली काही क्षण तिच्या बुडाशीच नाहीशी होते. जुलैत बहुधा आभाळ असते. मे महिन्यात मात्र सगळे ऊन सरळ डोक्यावर पडते.

या किरणांचा जोर मोजण्याचे एक जागतिक माप आहे. ३ च्या पुढे आकडा गेला की अंग जपावे. ८ च्या पुढे फार जपावे. ११ म्हणजे अतिशय कडक. एप्रिल-मेमध्ये मुंबईत भर दुपारी हा आकडा ११ च्या आसपास जातो.

हे ऐकून आजी म्हणाल्या, “सावलीवरून वेळ तर आम्ही नेहमीच ओळखतो. उन्हाचा जोर ओळखता येतो, हे आज कळलं.”

सहा महिन्यांच्या आतले बाळ

डॉक्टरीणबाईंनी आधी बाळाचे वय विचारले. सगळे त्यावरच अवलंबून आहे.

बाळाची कातडी मोठ्या माणसापेक्षा पातळ असते. वजनाच्या मानाने तिचा पसाराही मोठा असतो. त्यामुळे कातडीला लावलेली वस्तू बाळाच्या अंगात जास्त प्रमाणात मुरू शकते. बाळ हात तोंडात घालते, म्हणजे हाताला लावलेले मलम पोटातही जाते. शिवाय बाळाला आपल्यासारखा भराभर घाम येत नाही. त्याचे अंग लवकर तापते.

म्हणून नियम असा : सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाचे मलम नेहमीसाठी लावू नये. त्याला उन्हातच नेऊ नये. त्याचे खरे मलम म्हणजे सावली. कुठे अडचण आलीच आणि सावली मिळणे शक्यच नसेल, तर काय करावे हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे.

“म्हणजे माझी झोळीच बरी होती की!” आजी म्हणाल्या.

“झोळी झाडाखाली होती ना? मग बरीच होती,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण झाडाची सावली सरकते. दुपारी झोळीवर ऊन यायचं, तेव्हा कोण बघायचं?”

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “थोरल्याच्या गालाची सालं निघाली होती एकदा. आम्ही म्हटलं, दृष्ट लागली.”

आपल्या जुन्या घरांत बाळासाठी कुंची शिवत. कुंची डोके झाकते, कान झाकते आणि मानेवरून पाठीपर्यंत उतरते. उन्हासाठी याहून चांगला कपडा शोधून सापडणार नाही. मात्र ती पातळ, सुती कापडाची असावी. जरीची, अस्तराची जाड कुंची वैशाखात घालू नये. दाट विणीचे सुती झबले अंगभर घालावे. कापड उजेडासमोर धरून पाहा. पलीकडचे स्पष्ट दिसत असेल तर किरणही आरपार जातात. ओले कापड बहुधा जास्त किरण आत सोडते, म्हणून भिजलेले झबले बदलावे.

आणखी एक गोष्ट. ऊन लागू नये म्हणून बाळाच्या तोंडावरून जाड दुपटे ओढू नये. बाबागाडीही कापडाने पूर्ण झाकू नये. आत वारा जात नाही, हवा तापते आणि बाळ गुदमरते. सावली हवी, पण वाराही हवा.

सहा महिन्यांनंतर कोणते मलम घ्यावे?

सहा महिन्यांनंतर मूल रांगते, बाहेर खेळते. त्याला सारखे झाकून ठेवता येत नाही. मग उघड्या राहिलेल्या भागापुरते मलम लावावे.

उन्हाची मलमे मुख्यतः दोन प्रकारची असतात. एका प्रकारात खनिजाची बारीक पूड असते. ही पूड कातडीच्या वर पसरून राहते, किरण शोषून घेते आणि काही परतवते. अशी दोन खनिजे आहेत. एक झिंक ऑक्साइड आणि दुसरे टायटेनियम डायऑक्साइड. झिंक म्हणजे जस्त. लंगोटाच्या जागी कातडी लाल होते, तेव्हा डॉक्टर पांढरे मलम देतात. त्यात पुष्कळदा हेच झिंक ऑक्साइड असते.

दुसऱ्या प्रकारात इतर रसायने असतात. ती कातडीत मुरून किरण शोषतात. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याच्या तज्ज्ञांनी २०१९ साली एक तपासणी प्रसिद्ध केली. मोठ्या माणसांना अशी मलमे अंगभर लावली. तेव्हा त्यांतली रसायने रक्तात उतरलेली दिसली. एवढ्यावरून ती अपाय करतात असे ठरत नाही. पण त्यांच्याविषयी आणखी माहिती हवी, असे त्या खात्याने म्हटले. त्याच वर्षी त्याने झिंक ऑक्साइड आणि टायटेनियम डायऑक्साइड या दोन खनिजांना सुरक्षित मानावे असा प्रस्ताव मांडला. म्हणून लहान मुलासाठी खनिजाचे मलम घ्यावे हे बरे. ते अंगावर थोडे पांढरट दिसते. दिसेना का! मूल काही लग्नाला उभे राहायचे नाही.

डबी वाचायला शिका

तुम्ही अक्षरे शिकलात ती कशासाठी? पोथी वाचावी, पत्र वाचावे, तशी औषधाची डबीही वाचावी. उन्हाच्या मलमाच्या ट्यूबवर पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली, आकडा. ट्यूबवर एस. पी. एफ. अशी तीन इंग्रजी अक्षरे असतात आणि पुढे एक आकडा असतो. कातडी भाजणारे १०० किरण आले तर १५ आकड्याचे मलम सुमारे ७ किरण आत सोडते. ३० चे मलम सुमारे ३ सोडते. ५० चे मलम सुमारे २ सोडते. म्हणजे १५ पेक्षा ३० बरेच चांगले. पण ३० आणि ५० यांत फरक थोडा. मुलासाठी ३० किंवा त्याहून जास्त आकडा पाहावा. पण १०० चा आकडा पाहून भुलू नये आणि त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नयेत.

दुसरी, दोन्ही जातींचे किरण अडतात का? एस. पी. एफ.चा आकडा मुख्यतः भाजणाऱ्या किरणांचा असतो. खोल शिरणाऱ्या किरणांसाठी ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ असे शब्द किंवा पी. ए. या अक्षरांपुढे अधिकाची चिन्हे असतात. चिन्हे जितकी जास्त, तितके रक्षण जास्त.

तिसरी, आत काय आहे? घटकांची यादी बारीक अक्षरांत असते. ती बहुधा इंग्रजीत असते. वाचता येत नसेल तर लाजू नका. दुकानदाराला म्हणा, “झिंक ऑक्साइड कुठं लिहिलंय, त्यावर बोट ठेवून दाखवा.” नुसते ‘बेबी’ लिहिले किंवा बाळाचे चित्र छापले, एवढ्याने मलम बाळाचे होत नाही. सुगंधाचे मलम टाळावे. सुवास बाळाच्या कातडीला चालेलच असे नाही.

चौथी, मुदत. बनवल्याची तारीख आणि वापरण्याची मुदत पाहा. बनवणाऱ्याचे नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक आहे का तेही पाहा.

हे सांगून होताच आजींनी पदराखालची ट्यूब काढली. चष्मा पुसला. आकड्यांवर बोट फिरवले आणि सुनेकडे वळून म्हणाल्या, “अगं, हिची मुदत दुसऱ्या महिन्यातच संपली की! आता पाचवा चालू आहे.”

ट्यूब गेल्या वर्षीची होती. ती कपाटात तशीच राहिली होती. सूनबाई शाळा शिकलेली, पण तिने ते पाहिलेच नव्हते. आजींनी प्रौढवर्गात आकडे शिकले होते, त्यांनी पाहिले. ट्यूब तिथेच कचऱ्यात गेली.

काकूंची पांढरी डबी

मग आजींनी ती डबी पुढे केली. डबीवर बनवणाऱ्याचे नाव नव्हते. पत्ता नव्हता, तारीखही नव्हती. नुसते एका गोऱ्या बाईचे चित्र होते.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी एक खरी घटना सांगितली. अकोल्याच्या एका घरातल्या आई आणि दोन मुली अशा तिघींनी गोरेपणासाठी एक मलम वापरले. तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. ते मलम परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा त्यात भरमसाट पारा निघाला. २०२३ च्या आरंभी ही बातमी वर्तमानपत्रांत आली होती.

पारा कातडीतून रक्तात जातो. मोठ्या बाईची ही गत, तर बाळाची काय होईल? काही गोरेपणाच्या मलमांत कातडी पातळ करणारी औषधेही मिसळलेली असतात.

नीट समजून घ्या. उन्हाचे मलम कातडी भाजू नये म्हणून असते, गोरे करण्यासाठी नव्हे. आपल्या सावळ्या रंगातच उन्हापासून रक्षण करणारे द्रव्य आहे. गोऱ्या लोकांच्या देशांत उन्हामुळे कातडीचा कर्करोग पुष्कळ होतो, तो आपल्याकडे कमी होतो, त्याचे हे एक कारण आहे. देवाने दिलेली ढाल घासून काढू पाहणे, हे शहाणपण नव्हे. मात्र ही ढाल अपुरी आहे. सावळे बाळही भाजते. कडक ऊन त्याच्या डोळ्यांनाही बाधते.

घरगुती उपायांविषयीही दोन शब्द. खोबरेल तेल मालिशाला ठीक, पण ऊन अडवायला पुरत नाही. पावडरीनेही ऊन अडत नाही. लिंबाचा रस तर कधीच लावू नये. तो अंगावर असताना ऊन लागले, तर कातडीवर फोड येतात आणि काळे डाग राहतात.

मलम लावायचे कसे?

नवे मलम प्रथमच आणले की ते सगळ्या अंगाला फासू नका. दंडाच्या आतल्या बाजूला टिकलीएवढे लावा आणि एक दिवस थांबा. पुरळ किंवा लाली आली नाही तरच वापरा.

घरातून निघण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे लावावे. गाल, नाक, कान, मानेची मागची बाजू आणि पावलांचा वरचा भाग विसरू नये. डोळ्यांजवळ आणि तोंडाजवळ लावू नये. मूल बोटे चोखत असेल तर हातांना मलम नको, लांब बाह्या घाला. कपड्याखाली लावण्याची गरज नाही.

मलम कंजूषपणे लावले तर आकड्याइतके रक्षण मिळत नाही. उघड्या जागेवर सारखा थर बसला पाहिजे. दर दोन तासांनी पुन्हा लावावे. मूल पाण्यात खेळले, घामाने भिजले किंवा टॉवेलने पुसले, तर लगेच पुन्हा लावावे. घरी आल्यावर धुऊन टाकावे. फवाऱ्याचे मलम मुलाच्या तोंडासमोर उडवू नये, ते श्वासाबरोबर छातीत जाते.

मलम लावले म्हणजे उन्हात कितीही वेळ राहावे, असा परवाना मिळत नाही. ऑस्ट्रेलियात ऊन फार कडक. तेथे १९८१ साली लोकशिक्षणाची एक मोहीम निघाली. तिचा मंत्र तीन गोष्टींचा होता. सदरा घाला, मलम लावा, टोपी चढवा. पाहा, तेथेही सदरा आधी आहे, मलम नंतर. पुढे त्यात सावलीत बसा आणि चष्मा लावा या दोन गोष्टी जोडल्या.

मूल बहुतेक वेळ घरात आणि चाळीच्या गॅलरीत असेल, तर रोज मलम लावायची गरज नाही. पैसे वाचवा. जत्रा, चौपाटी, लांबची रांग, शिवाजी पार्कवरचा खेळ, एस.टी.च्या थांब्यावरची वाट, अशा वेळी ते कामी येते.

मग कोवळ्या उन्हाचे काय?

आजींनी शेवटचा प्रश्न विचारला. “न्हाऊमाखू घालून बाळाला कोवळं ऊन दाखवतात. ते बंद करायचं का?”

बंद नको. सकाळी लवकर, सावली लांब असताना, पाच-दहा मिनिटे कोवळ्या उन्हात बसायला हरकत नाही. पण त्यावर सगळा भरवसा ठेवू नये. हाडे बळकट होण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. ते न मिळाल्यास मुडदूस होतो, पाय वाकतात. कोवळ्या उन्हात हे जीवनसत्त्व बनवणारे किरण थोडे असतात. आईच्या दुधातही ते थोडेच असते. म्हणून बाळाला पहिल्या वर्षी रोज ४०० एककांचे ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यावेत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. थेंब किती टाकायचे ते बाटलीप्रमाणे बदलते. डॉक्टरांना किंवा आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना विचारूनच द्या. जास्त दिल्यास अपाय होतो.

ऊन लागलेच तर?

बाळाला लगेच सावलीत घ्या. कपडे सैल करा. साध्या पाण्यात भिजवलेले मऊ फडके लाल झालेल्या जागी ठेवा. बर्फ, तूप, हळद, दंतमंजन यांपैकी काही लावू नका. बाळाला वरचेवर अंगावर पाजा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे पाणी नको, आईचे दूधच द्या.

एक वर्षाच्या आतले बाळ उन्हाने भाजले, तर डॉक्टरांना दाखवाच. बाळ मलूल झाले, अंग तापले, दूध ओढेना, लघवी कमी झाली किंवा फोड आले, तर एक क्षणही थांबू नका. परळला लहान मुलांसाठी १९२९ पासून वाडिया रुग्णालय आहे. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. आशाताईंना हाक मारा.

चौपाटीवर

रविवारचा बेत मोडला नाही. फक्त वेळ बदलली. दुपारऐवजी मंडळी साडेपाचला गिरगाव चौपाटीवर पोचली. नातीच्या गालांना नवे झिंक ऑक्साइडचे मलम होते. डोक्यावर रुंद काठाची टोपी होती. बाळ पातळ कुंचीत, आजींच्या काळ्या छत्रीखाली होते. त्याला मलम नव्हते.

आजींनी वाळूत उभे राहून आपली सावली पाहिली. ती लांबलचक, पार कणसांच्या गाडीपर्यंत गेली होती.

“चला, आता बसायला हरकत नाही,” त्या म्हणाल्या.

आणि शेजारच्या काकू? त्यांना आजींनी घरी आल्यावर डबीची गोष्ट सांगितली. काकूंची मुलगीही तेच मलम लावत होती. दुसऱ्या दिवशी दोघी मायलेकी तपासणीसाठी दवाखान्यात गेल्या.

लक्षात ठेवा

१. सहा महिन्यांच्या आत मलम नको, सावली हवी.
२. सावली आपल्यापेक्षा आखूड, तर ऊन कडक.
३. आधी कपडा आणि टोपी, मग मलम.
४. मलम खनिजाचे, ३० किंवा अधिक आकड्याचे, बिनवासाचे घ्यावे.
५. नाव, पत्ता, तारीख नसलेली डबी घरात आणू नये.
६. दर दोन तासांनी मलम पुन्हा लावावे.

तुम्हीच करून पाहा

घरातले कोणतेही मलम किंवा औषध हातात घ्या. त्यावरची मुदत शोधा. ती संपली आहे का, ते घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.